स्टिरिओ, टॅक्सीसाठी, नग एक

परदेशातून माणसाने काहीही मागवावं, पण ज्या वस्तूचं नाव सरकारी कारकुनाला एका दमात वाचता येत नाही ती मागवू नये. हा सल्ला मला कोणी वेळेवर दिला नाही. बाकी सगळे दिले.

मी विया मोये गावच्या विद्यापीठात मेंदूवर संशोधन करतो. विद्यापीठ आणि मेंदू हे शब्द एका वाक्यात आले म्हणून कोणी हसू नये. आमच्याकडे खरोखरच एक प्रयोगशाळा आहे, तिला दार आहे, आणि कोरड्या दिवसांत छपरही आहे. माझा विषय हाताचा कंप. उतारवयात माणसाचा हात थरथरतो, चमच्यातलं सूप शर्टावर सांडतं, ते का? पांढऱ्या उंदराच्या मेंदूत खोलवर किन्वाच्या बारीक दाण्याएवढी एक जागा आहे. तिथे बारीक सुईने औषध सोडलं की थरथरणारा उंदीर शांत होतो, असं मला वाटतं. या 'वाटतं'चं 'आहे' करायला उंदरांची एक शेवटची तुकडी बाकी होती. इतकी वर्षं ती सुई मी नुसत्या हाताने घालत आलो, कारण हात चांगला होता.

मग गेल्या वर्षी, कार्निव्हलच्या सुमाराला, माझाच उजवा हात थरथरू लागला.

जन्मभर कंपाचा अभ्यास करणाऱ्यालाच कंप. आमचे पाद्रीबाबा म्हणतात, प्रत्येक गोष्टीमागे देवाची काही योजना असते. असेल. पण मग त्याची विनोदबुद्धी फारच सामान्य दर्जाची आहे असं मला नम्रपणे नमूद करावंसं वाटतं. हे फक्त माझ्या बायकोला, सेनोबियाला, माहीत होतं. विद्यापीठात कळलं असतं तर नियमाप्रमाणे वैद्यकीय मंडळापुढे उभं केलं असतं, आणि मंडळाने पितळेची एक पाटी हातात देऊन घरी पाठवलं असतं. पाटीची मला हौस नाही. मला ती शेवटची तुकडी पूर्ण करायची होती. ती राहिली तर मागची सगळी वर्षं फुकट, आणि या विचाराने मला झोप लागत नसे.

म्हणून ते यंत्र. उंदराचं डोकं घट्ट धरणारी एक पोलादी चौकट, तिच्यावर स्क्रूंनी सरकणारी सुई, आणि सुई किती सरकली ते मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारी आकड्यांची पाटी. सुई हातात धरायचीच नाही, नुसता स्क्रू फिरवायचा. आमच्या भाषेत त्याला म्हणतात 'आपारातो एस्तेरेओताक्सिको'. नाव भारदस्त आहे आणि तिथेच सगळा घात झाला.

विद्यापीठाच्या खरेदी विभागाचे प्रमुख सेगार्रा. माणूस वाईट नाही. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. ते प्रत्येक शब्दाला 'सितो' लावून तो लहान आणि गोड करतात. मी 'डॉक्टर' नाही, 'डॉक्टरसितो'. अर्ज 'अर्जसितो'. आमच्या खोऱ्यात सगळेच असं बोलतात, पण सेगार्रांनी कामाला 'सितो' लावलं की ते काम या जन्मी होत नाही असा माझा अनुभव आहे.

"डॉक्टरसितो," ते म्हणाले, "नाव जरा लांब आहे. संगणकातल्या रकान्यात मावत नाही."

"मग?"

"मग काही नाही. शेवटची दोन अक्षरं, 'सी' आणि 'ओ', काढली. आणि कस्टमवाल्यांना वाचायला सोपं जावं म्हणून मधे एक जागा सोडली."

मला वाटलं, दोन अक्षरांनी काय होतंय? दोन अक्षरांनी एवढंच झालं की खरेदीच्या हुकुमावर 'एस्तेरेओ ताक्सि' असं उमटलं, म्हणजे टॅक्सीतला स्टिरिओ. समुद्र ओलांडून, डोंगर चढून खोकं जेव्हा आमच्या कस्टमच्या गोदामात येऊन पडलं, तेव्हा त्याच्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: स्टिरिओ, टॅक्सीसाठी, नग एक.

गोदामाच्या खिडकीशी दोन्या ग्रिसेल्दा बसतात. करड्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि नियम सगळे तोंडपाठ. मी खोक्याची रीतसर चौकशी केली.

"तुम्ही टॅक्सी चालवता?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"मी प्राध्यापक आहे."

"ते मी विचारलं नाही. आमच्याकडे पुष्कळ प्राध्यापक टॅक्सी चालवतात."

हे खरं असल्यामुळे मी टॅक्सी सोडून यंत्राकडे वळलो. मी यंत्राचं मूळ नाव सांगितलं, मेंदू सांगितला, उंदीर सांगितला. दोन्या ग्रिसेल्दांनी उंदरापर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कागदावर जे आहे ते खोक्यात आहे. दुसरं काही असेल तर बनवणाऱ्या कंपनीचं मूळ प्रमाणपत्र आणा, लाल शिक्क्याचं."

प्रमाणपत्र मागवलं. ते यायला इतका काळ गेला की तेवढ्यात माझा कप बशीवर वाजू लागला. त्या दिवसांत आमचे शेजारी दोन रुपेर्तो रोज संध्याकाळी कॉफीला येत. माणूस एकच; पुढचं 'दोन' मानाचं, जसं बाईला 'दोन्या'. ते रेल्वेतून निवृत्त झाले. आमच्या गावाला रेल्वे येणं त्याच्या कितीतरी आधी बंद झालं होतं, त्यामुळे नोकरीत असताना त्यांचा सगळा वेळ इतरांच्या अडचणी समजून घेण्यात गेला आणि ती सवय अजून सुटलेली नाही.

"फिदेन्सियो, तुझा कप वाजतोय," ते म्हणाले.

सेनोबियाने माझ्याकडे बघितलं. मी कप डाव्या हातात घेतला.

"घाबरलायस तू," दोन रुपेर्तो म्हणाले. "कस्टमला घाबरायचं नसतं. माणूस खिडकीत बसला की नियम होतो. त्याला खिडकीतून बाहेर काढ. ग्रिसेल्दा सकाळी साल्तेन्या खायला कोपऱ्यावरच्या दुकानात जाते. तिथे गाठ. शेजारी बसून तूही एक खा आणि प्रमाणपत्र तिथेच पुढे कर. पोटात गरम गेलं की बाई नरम येते."

हा सल्ला ऐकताना मला उत्तम वाटला, आणि हीच दोन रुपेर्तोंच्या सल्ल्यांची खोड आहे.

साल्तेन्या ज्याने खाल्ली नाही त्याला सांगतो. दिसायला ती आपली साधी भाजलेली करंजी, पण पोटात मांस, बटाटा आणि काठोकाठ रस्सा. ती हातात उभी धरायची, वरचं टोक हळूच चावायचं, रस्सा ओढून घ्यायचा, मग खाली उतरत जायचं. एक थेंब सांडता कामा नये. आमच्याकडे पोरगी पसंत करायची असो की जावई, आधी साल्तेन्या खायला घालून बघतात. मी या परीक्षेत कधीकाळी पहिल्या वर्गात उत्तीर्ण झालो होतो, सेनोबियाच्या वडिलांच्या समोर.

दोन्या ग्रिसेल्दा खात होत्या. रुमाल नाही, बशी नाही, पांढरा ब्लाउज, आणि डाग म्हणाल तर शपथेला नाही. मी शेजारी बसलो, नमस्कार केला, लाल शिक्क्याचं प्रमाणपत्र टेबलावर पसरलं. त्या खरोखरच नरम दिसत होत्या. "बघू," असंही म्हणाल्या. मी खुशीत माझी साल्तेन्या उचलली. डाव्या हाताने उचलायची असं घरून ठरवून निघालो होतो. पण आनंदात माणसाला डावं-उजवं सुचत नाही.

टोक चावलं आणि हात थरथरला. साल्तेन्या मधोमध फाटली आणि सगळा रस्सा प्रमाणपत्रावर ओतला गेला. लाल शिक्का पाघळला आणि कंपनीच्या अध्यक्षांच्या सहीवर एक बटाटा येऊन थांबला.

वाढणारी बाई म्हणाली, "अरेरे, बाहेरगावचे असतील."

"इथलेच आहेत," दोन्या ग्रिसेल्दा म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कीव होती. राग परवडला असता. "डॉक्टरसितो, विद्यापीठात शिकवता आणि साल्तेन्या खाता येत नाही? डागाळलेलं मूळ पत्र मूळ राहत नाही. आता नव्या प्रतीसाठी अर्ज करा. माझ्यासमोर सही करायची."

सही! ओळखपत्रावर माझी सही आहे, तरुणपणची. 'आरांदिया' या आडनावातला पहिला 'आ' उंच, शेवटी एक झोकदार वेलांटी. तिथे खिडकीत उभं राहून मी उजव्या हाताने जे काढलं ते पाहून मलाच वाटलं की हा कोण इसम आहे. दोन्या ग्रिसेल्दांनी दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. पुन्हा करा म्हणाल्या. दुसरी पहिलीसारखी आली नाही आणि तिसरी दोन्हींसारखी आली नाही.

"तुमच्या तीन सह्या एकमेकींना ओळखत नाहीत," त्या म्हणाल्या. "तुम्ही डॉक्टर आरांदिया आहात हे आधी सिद्ध करा."

मी बाहेर येऊन जिन्यावर बसलो. एखाद्या माणसाने मी म्हणजे मीच हे कसं सिद्ध करावं? त्या क्षणी मला स्वतःलाही खात्री नव्हती. जो मनुष्य ती वेलांटी काढायचा तो खरंच आता कुठे राहिला होता? मला रडू आलं नाही, पण ते फार लांबही नव्हतं.

दोन रुपेर्तोंनी तोडगा काढला. तो असा, की हात मोडलेला असला तर सही चुकीची ठरत नाही. मोडक्या हाताच्या माणसाचा अंगठा घेतात. सेनोबिया म्हणाली, "खोटं बोलायचं?" मी म्हणालो, "हात बिघडलाय हे खोटं नाही." तिने कपाटातून पट्टी काढली आणि बोटांपासून कोपरापर्यंत बांधली. शाळेत ती भूमिती शिकवते, त्यामुळे पट्टीचे वेढे फार नेटके आले. नंतर तिने तो हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो.

पट्टीने मला विद्यापीठात जी प्रसिद्धी मिळाली ती संशोधनाने कधी मिळाली नाही. रेक्टरसाहेबांनी, म्हणजे आमच्या कुलगुरूंनी, कॉरिडॉरमध्ये थांबवून चौकशी केली. शिपायाने कुणा आत्याचं सापाच्या चरबीचं मलम आणून दिलं. सेगार्रा म्हणाले, "डॉक्टरसितो, हाडसितो आहे, जुळेल." एकंदरीत मोडलेला हात हे प्रतिष्ठेचं दुखणं आहे. थरथरणारा हात तसा नाही.

कस्टममध्ये डाव्या हाताचा अंगठा लागला. शाई लागली, ठसा उमटला, दोन्या ग्रिसेल्दांनी संगणकात नोंद केली. तिथेही रकाने होतेच. 'अंगठा का घेतला?' या रकान्यात एकच उत्तर मिळत होतं, ते म्हणजे 'अर्जदाराला लिहिता-वाचता येत नाही'. त्यांनी ते निवडलं. संगणक दुसरं काही घेईना, त्यात त्यांचा दोष नव्हता. मी डॉक्टरेट केलेला मनुष्य तिथे उभा असताना सरकारदरबारी निरक्षर झालो.

"आता आणखी एक अडचण आहे," त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या. "निरक्षर व्यक्तीला शास्त्रीय उपकरण आयात करता येत नाही. कलमच आहे."

"मग मी करू काय?"

दोन्या ग्रिसेल्दांनी पहिल्यांदाच चष्मा काढला. त्या माझ्या बाजूच्या आहेत असं मला त्या दिवशी वाटलं आणि अजूनही वाटतं. "डॉक्टरसितो," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "टॅक्सीचा स्टिरिओ कोणीही आणू शकतं. कागदावर तर तसंच लिहिलंय. तुम्हीच उगीच उंदीर-उंदीर करताय. फक्त टॅक्सी संघाचं ना-हरकत पत्र आणा आणि खोकं घेऊन जा."

मी स्वाभिमान गिळला. सवयीने तो आता सहज उतरत होता. ना-हरकत पत्राचा अर्ज टॅक्सी संघाच्या कार्यालयात दिला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठात गेलो तर फाटक बंद. समोर टॅक्सीला टॅक्सी लावून सगळा रस्ता अडवलेला.

आमच्याकडे नाराजी कळवायला कोणी पत्र लिहीत नाही, रस्ता अडवतात. पत्राचं उत्तर येईलच याची खात्री नसते. संघाचे सरचिटणीस दोन पोलिकार्पो चोके एका गाडीच्या टपावर उभे होते. धिप्पाड माणूस, चामड्याचं जाकीट, हातात भोंगा.

"विद्यापीठ टॅक्सी काढणार असेल," भोंग्यातून आवाज आला, "तर आम्ही काय मेंदूची ऑपरेशनं करायची?"

चालकांनी हॉर्न वाजवून अनुमोदन दिलं. विद्यार्थी भिंतीवर बसून त्यांना टाळ्या वाजवत होते, कारण त्या दिवशी माझ्या विषयाची परीक्षा होती. रेक्टरसाहेबांनी वरच्या खिडकीतून मला खूण केली. त्या खुणेचा अर्थ, तुम्ही सुरू केलंय, तुम्हीच मिटवा.

मी टपाखाली जाऊन उभा राहिलो.

"किती गाड्या घेताय, खरं सांगा," दोन पोलिकार्पो वरूनच म्हणाले.

"एकही नाही."

"मग स्टिरिओ कशाला?"

"तो स्टिरिओ नाहीच. उंदराचं डोकं धरायचं यंत्र आहे."

ते साथीदारांकडे वळले. "ऐकलंत? आता उंदीर निघाला."

हॉर्न. मी निम्मं आयुष्य वर्गात काढलंय, पण टपावर उभ्या असलेल्या माणसाला मेंदू समजावण्याची वेळ कधी आली नव्हती. तरी समजावला. म्हाताऱ्या माणसांचा हात कसा हलतो ते सांगितलं. पट्टीतल्या हाताने दाखवायचीही गरज नव्हती, तो आतल्या आत आपणहून दाखवत होता. दोन पोलिकार्पोंनी भोंगा खाली घेतला. मग ते स्वतः खाली उतरले.

"माझ्या बापाचा हात असा हलायचा," ते म्हणाले, भोंग्याशिवाय. "चाळीस वर्षं गाडी चालवली त्याने. शेवटी आम्ही भावांनी त्याच्याकडून किल्ली काढून घेतली. त्यानंतर रोज सकाळी दाराशी खुर्ची टाकून रस्ता बघत बसायचा. फार दिवस बसला नाही." त्यांनी भोंगा टपावर ठेवला. "हे यंत्र त्याच्यासारख्यांसाठी आहे?"

"हो."

"मग त्याचा पाद्रिनो मी."

आमच्या देशात कुठलीही गोष्ट पाद्रिनोशिवाय जगात येत नाही. मुलाच्या बाप्तिस्म्याला पाद्रिनो, लग्नात अंगठीचा वेगळा, केकचा वेगळा, फुटबॉल संघाच्या मोज्यांचा आणखी वेगळा. हा माणूस ती वस्तू आपली मानतो, तिच्या मागे उभा राहतो. माझ्या माहितीत उंदराच्या चौकटीला पाद्रिनो मिळाल्याचं हे पहिलंच उदाहरण. पण त्यांनी तिथेच गाडीच्या बॉनेटवर ना-हरकत पत्र लिहून दिलं आणि मला 'कोंपाद्रे', म्हणजे सोयरा, म्हणून मिठी मारली. यंत्राच्या नात्याने आम्ही आता घरचे झालो होतो. रस्ता मात्र दुपारपर्यंत अडलेलाच राहिला, कारण सगळ्यांनी डबे आणले होते.

खोकं सुटलं. त्याला विद्यापीठापर्यंत टॅक्सीने आणलं, हे ओघाने आलंच. आत खरंच यंत्र होतं. पोलादाची चौकट कापसात निवांत पहुडलेली. मी दार लावून एकटाच तिच्यासमोर बराच वेळ बसलो. इतका आनंद मला मुलीच्या लग्नातही झाला नव्हता आणि तसं मी सेनोबियाला सांगितलंही. ते सांगायला नको होतं.

पण नवं यंत्र असं नुसतं वापरायला घेता येत नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी त्याची चाल्या व्हावी लागते. धरणीमातेच्या नावाने चारी कोपऱ्यांना बियर शिंपडायची, रंगीत कागदाच्या झिरमिळ्या गुंडाळायच्या, मग खाणंपिणं. शास्त्रज्ञ म्हणून माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. परंतु मागच्या वेळी चाल्या न केलेला फ्रीज बिघडला, तेव्हापासून मी त्यावर बोलत नाही. शिवाय त्याच समारंभात खरेदी विभाग यंत्र ताब्यात घेणार होता. त्याची अट अशी, की यंत्र चालवून दाखवल्याशिवाय सेगार्रांची सही नाही.

"मी चालवीन," मी सेनोबियाला म्हणालो. "सुई हातात धरायचीच नाही. स्क्रू तर फिरवायचा. कोणाला कळणारसुद्धा नाही."

"बरं," ती म्हणाली. तिने पट्टी सोडली. आत हात पांढराफटक पडला होता.

शुक्रवारी प्रयोगशाळेत पाय ठेवायला जागा नव्हती. रेक्टरसाहेब आले, सेगार्रा कागदसितोंची चळत घेऊन आले, दोन रुपेर्तो सल्ले घेऊन आले. दोन पोलिकार्पो कोट घालून आले आणि बरोबर दोन तुताऱ्या आणि एक ढोल घेऊन आले. यंत्रावर ओतू नका, यंत्रावर ओतू नका असं मी ओरडत असतानाच बियर यंत्रावर पडली. मी शर्टाच्या बाहीने आकड्यांची पाटी पुसली. मग रेक्टरसाहेबांचं भाषण झालं, त्यात मेंदूचा उल्लेख शेवटी एकदा आला. आणि मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मोडका हात जुळला का, डॉक्टरसितो?" सेगार्रांनी विचारलं.

"जुळला," मी म्हणालो, आणि उजव्या हाताची बोटं स्क्रूवर ठेवली.

माहितीपत्रकात सगळं खरं लिहिलं होतं. यंत्र मिलिमीटरचा शंभरावा भागही दाखवतं. माझ्या बोटांनी स्क्रू धरल्याबरोबर पाटीवरचे लाल आकडे नाचू लागले. वर, खाली, पुन्हा वर. मी घट्ट धरलं, तर जास्त नाचले. सैल धरलं, तरी नाचले. मी इतके महिने जे खिशात लपवलं, डाव्या हाताखाली लपवलं, पट्टीत लपवलं, ते आता लाल दिव्यांत सगळ्या खोलीला वाचता येत होतं.

सेगार्रा वाकले. "हे थरथरतंय," ते म्हणाले.

रेक्टरसाहेबांनी चष्मा लावला. "खरंच की. कोरं करकरीत यंत्र आणि थरथरतं?"

"सदोष माल!" सेगार्रांच्या चेहऱ्यावर मी प्रथमच उत्साह पाहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एक नियम जसाच्या तसा लागू करता येत होता. "सदोष माल मूळ खोक्यात घालून, आला त्याच मार्गाने परत पाठवायचा. शाब्बास, डॉक्टरसितो. तुमच्यामुळे वेळीच लक्षात आलं."

त्याच मार्गाने. माझ्या डोळ्यांपुढून लाल शिक्का, बटाटा, अंगठा, हॉर्न सगळं उलट्या दिशेने जाऊ लागलं. आणि तरीही, खोटं कशाला बोलू, सुटका समोर दिसत होती. मी नुसतं गप्प बसायचं होतं. यंत्र वाईट, प्राध्यापक दक्ष. नोकरी राहिली असती, मान राहिला असता, वर शाबासकी. फक्त यंत्र गेलं असतं, आणि ते परत येईपर्यंत हा हात स्क्रूसुद्धा धरू शकला नसता. सेनोबिया दाराशी भाजलेल्या मांसाचं पातेलं धरून उभी होती. ती मला काही खुणावत नव्हती. नुसती बघत होती.

"यंत्र ठीक आहे," मी म्हणालो. "हात हलतोय. माझा. वर्षभर हलतोय. मोडला वगैरे काही नव्हता."

बाहेरच्या तुतारीवाल्याला वाटलं भाषण संपलं, त्याने तुतारी फुंकली. दोन पोलिकार्पो बाहेर गेले आणि त्यांनी तिला गप्प केलं. आत आले तेव्हा त्यांची टोपी हातात होती, आणि ती त्यांनी पुन्हा घातली नाही.

सेगार्रा कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिले. "म्हणजे मग... परत काय पाठवायचं?"

"काही नाही," रेक्टरसाहेब म्हणाले. आवाज मऊ होता, म्हणजे निकाल लागला होता. "यंत्र उत्तम स्थितीत, असं लिहा. आणि आरांदियांची फाईल वैद्यकीय मंडळाकडे पाठवा. नियम आहे, डॉक्टर. वाईट वाटून घेऊ नका."

"यंत्राला वर्षाची हमी आहे," सेगार्रा लिहिता लिहिता पुटपुटले.

"आणि मला?" मी विचारलं. विनोद म्हणून विचारलं होतं.

"तुमच्यासाठी रकाना नाही," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

लोक पांगले. खाणं संपलं होतं आणि अशा जागी थांबून बोलायचं काय, असा प्रश्न सगळ्यांनाच पडला होता. दोन रुपेर्तोंना पहिल्यांदा सल्ला सुचला नाही. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि काढून घेतला. दोन पोलिकार्पोंनी जाताना चौकटीवरच्या ओल्या झिरमिळ्या एक एक करून सोडवल्या.

खोलीत मी आणि सेनोबिया उरलो. मी स्टुलावर बसलो होतो. "संपलं," मी म्हणालो. "पाटी देतील आता. पितळेची."

ती पातेलं पुसत होती. "ती फाईल मंडळाकडे कोण पाठवणार?"

"सेगार्रा."

"रेक्टरने सांगितलं म्हणून लगेच पाठवतील?"

"नाही. आधी त्याला अर्ज लागेल. अर्जाला शिक्का लागेल. मग माझं नाव संगणकाच्या रकान्यात..." मी थांबलो.

"मावायला हवं," ती म्हणाली. "आणि मंडळासमोर सही कोण करणार? तू तर निरक्षर आहेस. आधी तू म्हणजे तूच हे त्यांना सिद्ध करावं लागेल. कर हिशेब, तेवढ्या वेळात तुझी तुकडी होते की नाही ते."

मी तिच्याकडे बघत राहिलो. लग्नापासून या बाईला उंदरांची भयंकर किळस आहे. माझ्या कोटाला उंदरांचा वास आला तर ती तो अंगणात टांगते. तिने पातेलं खाली ठेवलं, हात एप्रनला नाही तर माझ्याच कोटाला पुसले, आणि मागच्या खोलीत गेली. परत आली तेव्हा पिंजरा हातभर लांब धरलेला होता, डोळे मिटलेले होते.

"घे," ती म्हणाली. "आणि लवकर घे, मला हे बघवत नाही."

मी स्क्रूला बोटं लावली. आकडे नाचू लागले. तेवढ्यात स्क्रू जरासा फिरवला आणि हात बाजूला घेतला.

आकडा दोनदा हलला, आणि मला हव्या त्या जागी थांबला.